मावशींची ‘होगी’

मध्य प्रदेशातल्या सौसरला आमच्या शेजारच्या इंदुमावशींच्या हातात सरकारी कागद पडला की त्या आधी क्रियापद बघतात. रक्कम मागाहून.

“‘दोषी होगा’ म्हनते! काऊन? मी काय दाढी करून राहिली का?”

आमच्याकडे बोलणं मराठी, कागद हिंदी. आणि हिंदीत सरकार बाई. त्यावरून मावशींचं आणि संत्र्याचे व्यापारी भोजराजकाकांचं ओट्यावर रोज वाजायचं. काका म्हणायचे, “सरकार लुटून राहिली.”

“टॅक्स वाढला का लुटनारी बाई,” मावशी उसळायच्या, “अन् रोड झाला का ‘साहेबानं केला’! शिव्या खाले बाई, अन् टॅक्स देनारा मात्र ‘तो’?”

मागच्या वर्षी घरपट्टी वाढवायची म्हणून नगरपालिकेने सभा बोलावली. साहेबांनी वाचलं, “जो करदाता समय पर कर नहीं देगा, वह दोषी होगा.”

मावशी उभ्या राहिल्या. “साहेब, यात बाया कुठं हायत?”

साहेब हसले. “माताजी, ‘होगा’ में सब आ गए.”

“मंग औंदा ‘होगी’ लिहा. त्यातबी सारे येतीन.”

भोजराजकाका ताडकन उठले. “मी कायले ‘होगी’ होऊ?”

मावशी त्यांच्याकडे वळल्या. “आता समजलं?”

आधी मागच्या रांगेतल्या बाया हसल्या, मग सगळी सभा. साहेबांनीही मुकाट्याने पेन काढलं.

घरपट्टी वाढायची ती वाढलीच. पण नव्या नोटिशीवर छापून आलं: ‘दोषी होगा/होगी’. दोषी ठरण्याचा मान मिळवणारी ही बाई आमच्या गल्लीची, हे मी पार पांढुर्ण्यापर्यंत सांगत फिरलो. काकांनी तर गल्लीभर संत्री वाटली.

नोटीस घेऊन मी मावशींकडे गेलो. त्या एकट्याच बसल्या होत्या. विचारलं, “एका अक्षरासाठी एवढं लढल्या, मावशी?”

त्यांनी नोटिशीवरून तळवा फिरवला.

“हे घर घेतलं तवा कचेरीतल्या बाबूनं आमच्या यायले मालकाचं नाव विचारलं. हे म्हने, ‘घर तिचं हाय, तिचंच लिहा.’ यायच्या भावायनं बोलनं सोडलं, पन हे हटले नाई. हे गेले, अन् सारे पोराच्या नावानं ‘बबनचं घर’ म्हनाले लागले. कागदबी ‘होगा’ म्हने. यायचा शब्द असा खाली पडू देऊ का मी?”

त्यांनी नोटीस घडी करून घराच्या कागदांत ठेवली, पेटी लावली, आणि झाकणावर अलगद हात ठेवला.