आप्पांची तांबडी पेन्सिल

आमच्या शेजारच्या आप्पांसमोर इंग्रजीत चिडायची सोय नव्हती! चिडलेला माणूस 'ॲग्रव्हेट' म्हणाला, की आप्पांच्या खिशातली तांबडी पेन्सिल बाहेर आलीच म्हणून समजा.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत ते इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. साऱ्या इंग्रजीत त्यांचा जीव या एका शब्दावर. मला म्हणायचे, "असलेलं दुखणं वाढवणं म्हंजे ॲग्रव्हेट. माणसाला वैताग देणं न्हवं! सदा, सायेबसुद्धा चुकतोय, रेडिओ ऐक जरा!" इंग्रजी बातम्या लागल्या की ते पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसत.

एकदा मी त्यांना खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं. बिडी सोडा, असं डॉक्टर चौथ्यांदा सांगत होते. शेवटी वैतागले, "आप्पा, डोन्ट ॲग्रव्हेट मी!" झालं! तपासायच्या टेबलावर आडवे झालेले आप्पा ताडकन उठून बसले. "खोकला ॲग्रव्हेट हुतोय, डॉक्टर न्हाई!" आणि खोकत खोकत त्यांनी बाहेरच्या अख्ख्या रांगेला हा धडा दिला. मला हसू आवरेना.

आप्पांना मायेचं माणूस एकच, मुलगी कुसुम. आई तिच्या लहानपणीच गेलेली. कुसुम बेळगावच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, तिथल्याच शहापुरात खोली घेऊन राहिली. आप्पांच्या हट्टापायी दर आठवड्याला इंग्रजीत पत्र लिही. आप्पा ते तपासत, तांबड्या खुणा करत आणि तेच पत्र परत पाठवत! अहो, पोरीनं ताप आल्याचं कळवलं, तर तेही सुधारून परत. पाकिटात आप्पांनी सुंठीची पुडी घातली होती, पण त्या पुडीबद्दल अक्षर नाही. मला भयंकर राग यायचा.

एके दिवशी तिनं लिहिलं, तुमची तांबडी पेन्सिल मला ॲग्रव्हेट करते. आप्पांनी शब्दाला गोल केला आणि पत्र परत पाठवलं. त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. आप्पाही लिहीनात, पाळी तिची होती म्हणे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. आप्पा रोज उंबऱ्यात बसून पोस्टमनची वाट बघायचे. "कामात आसंल पोरगी," म्हणायचे. रेडिओ बंदच असे.

संक्रांत आठवड्यावर आली होती. पोस्टमन गल्लीच्या टोकापासून ओरडत आला, "आप्पा, बेळगावचं पत्र!" मी ताटावरून उठून धावलो. आप्पांनी पत्र माझ्याच हातात दिलं. "सदा, तूच वाच रं!"

इंग्रजीत एकच ओळ होती. आप्पा, तुमचं न बोलणं मला फार ॲग्रव्हेट करतं. वाचली आणि मी जीभ चावली.

आप्पांनी पेन्सिल काढून त्या शब्दावर टेकवली. पण गोल काही केला नाही. मग खिशात ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीला मराठीत कार्ड लिहिलं.

"बघ, काय चुकलंय का," ते म्हणाले.

कार्डावर होतं, "कुसुम, शब्द बरोबर आहे. तिळगूळ घ्यायला ये."

"न्हाई आप्पा, काय चुकलं न्हाई," मी म्हणालो, आणि कार्ड पेटीत टाकायला पळत सुटलो.