हे छत कुणाचं?

छताचा पहिला पोपडा सासूबाईंच्या उशीवर पडला तेव्हा त्या तोंड धुवायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्याच दिवशी त्यांचा पलंग स्वयंपाकघरात आला आणि वहिनींच्या सुखाचे दिवस संपले. वहिनींनी भांड्यावरचं झाकण उचललं की पलंगावरून आवाज येई, "आत्ताच?" झाकण ठेवलं की, "लगेच?" सकाळी नोकरीवर जाण्याआधी डबे भरायचे, संध्याकाळी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभं राहायचं, आणि दोन्ही वेळा परीक्षक समोर आडव्या. आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

गच्चीवरची पाण्याची टाकी झिरपत होती. टाकी इमारतीची, गच्ची इमारतीची, तेव्हा दुरुस्तीही इमारतीने करायची, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. रविवारी सोसायटीची सभा होती. वहिनींनी नवऱ्याला बजावलं, "अहो, दोनच वाक्यं बोला. टाकी गळतेय, दुरुस्त करून द्या. आणि खाली बसा."

पण नवरा विम्याच्या कचेरीत होता, इमारतीत त्याला सगळे विमासाहेब म्हणत, आणि कचेरीने त्याला नुकतंच वक्तृत्वाच्या शिबिराला धाडलं होतं. तिथे मोठमोठ्या पुढाऱ्यांची गाजलेली भाषणं दाखवून ती कशी घडवलेली असतात ते शिकवलं. तेव्हापासून विमासाहेब घरात बोलत नसत, संबोधित करत. साधा चहा मागायचा तर, "आज, या सकाळी, या घरात, चहा होणार आहे की नाही?"

"दोन वाक्यांनी इतिहास घडत नाही," ते म्हणाले.

"मला इतिहास नको. प्लास्टर हवंय."

"तुला यातलं तंत्र कळत नाही. नेता कधी 'मी' म्हणत नाही. 'तुम्ही' तर नाहीच नाही. तो म्हणतो 'आपण'. ऐकणाऱ्याला वाटतं, हा तर आपल्यातलाच. मग एकच गोष्ट तीनदा सांगायची. मग प्रश्न विचारायचा, आणि थांबायचं. खरी ताकद थांबण्यात आहे."

"मग थांब की आताच," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

वहिनींना हा 'आपण' चांगला ठाऊक होता. 'आपण पडदे धुवायला हवेत', 'आपण माळा आवरायला हवा' या वाक्यांतले आपण म्हणजे नेमके कोण, ते त्यांच्या कंबरेला विचारावं. पण माणूस आरशासमोर उभा राहून हातवारे करू लागला की त्याला कोण अडवणार?

सभा गाड्या लावायच्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरली. अध्यक्ष म्हणजे खर्चाचं नाव काढलं की ज्यांना खोकला येतो असे गृहस्थ. शेजारी त्यांच्या पत्नी विणकाम घेऊन बसल्या होत्या. विमासाहेब उठले, सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि सुरू झाले.

"मित्रहो, पाणी गळतंय. विश्वास गळतोय. हळूहळू आपण सगळेच गळतोय."

तळमजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी नकळत आपली खुर्ची चाचपून पाहिली.

"प्रश्न एकच आहे, हे छत कुणाचं आहे?"

आणि ते थांबले. हनुवटी वर, डोळे दूर कुठेतरी. 'आपलं' असा एकमुखाने जयघोष व्हावा अशी योजना होती. पण लोक विचार करत बसले, आणि त्या शांततेत अध्यक्ष हळूच म्हणाले, "तुमचं."

पाठांतराचा हाच तोटा. पुढचं वाक्य जिभेवर तयारच होतं, ते सुटलं. "बरोबर. अगदी माझ्या मनातलं बोललात."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"मग हे काम कोण करणार? बाहेरून कुणी येणार नाही. आपण करणार. आपणच करणार. आणि आपणच करून दाखवणार," असं म्हणत विमासाहेबांनी दर 'आपण'ला स्वतःच्या छातीवर हात आपटला.

त्या हाताने घात केला. छाती ठोकून 'आपण करणार' म्हणणारा माणूस एकट्या स्वतःबद्दलच बोलत असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. "असा सभासद मिळायला भाग्य लागतं. स्वतःचं छत स्वतः दुरुस्त करणार, कुणाला तोशीस नाही. ठराव मंजूर. पुढचा विषय."

"अहो, आपण म्हणजे आपण सगळे," वहिनी उठून म्हणाल्या.

"वहिनी, छातीवर हात ठेवून म्हणाले ते. सगळ्यांनी पाहिलंय."

घरी आल्यावर विमासाहेब तरंगतच होते. "टाळ्या ऐकल्यास ना? लोक उभे राहिले."

"फुकटात सुटले म्हणून उभे राहिले. टाळ्यांचं प्लास्टर होतं का?" वहिनींनी विचारलं. सासूबाईंनी या वादात भाग घेतला नाही. त्यांचं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे होतं आणि ते त्यांनी सांगितलंही, पण उतू गेल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून दाराची घंटा थांबेना. जिन्यातला दिवा गेला, समोरचे काका आले. "आपला दिवा गेलाय. तुम्ही म्हणालात ना, आपण करणार."

"काका, हा अंधार कुणी आणला?" विमासाहेबांनी प्रश्न टाकला आणि थांबले.

"उंदराने. वायर कुरतडली," काका म्हणाले. विमासाहेब स्टूल घेऊन जिन्यात गेले. मग चष्मेवाल्यांचं तुंबलेलं गटार आपलं झालं. नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मागे लोक उभे राहत नाहीत, असं शिबिरात शिकवलं होतं, त्यामुळे ते कुणालाच नाही म्हणेनात. एका संध्याकाळी वहिनी कामावरून येतात तो फाटकाशी नवरा एका दांडग्या कुत्र्यामागे फरफटत चाललेला.

"शिक्षिकाबाई म्हणाल्या, आपल्या कुत्र्याला जरा फिरवून आणता का," तो ओरडून सांगत दिसेनासा झाला.

वहिनींचा संताप आता मावेना. त्या तशाच अध्यक्षांच्या दारात गेल्या आणि सभेची तारीख मिळेपर्यंत हलल्या नाहीत. नवऱ्याला सांगितलं, "या वेळी तोंड उघडलंत तर त्या कुत्र्याजवळ झोपायला जा." सासूबाई म्हणाल्या, "मीही येते सभेला. पडून पडून कंटाळा आलाय."

सभेत वहिनी आपली दोन वाक्यं बोलून खाली बसल्या. मग 'आपण'चा कीस पडला. चष्मेवाले म्हणाले, आपण म्हणजे बोलणारा एकटा. शिक्षिकाबाई म्हणाल्या, व्याकरणाने आपण म्हणजे सगळे. पण कुत्र्याचं काय ठरलं, हेही त्यांनी विचारून घेतलं. अखेर अध्यक्ष उठले. समोर इतके चेहरे पाहून त्यांनाही चेव आला.

"अहो, शब्दांवर काय भांडता? ही इमारत म्हणजे एक कुटुंब आहे. तुमचं दुःख ते आमचं दुःख. तुमचं छत ते आमचं छत. आमचं घर ते तुमचं घर. राहिला प्रश्न खर्चाचा, तर..." आणि त्यांना खोकला आला.

सासूबाई काठी टेकत उठल्या. "तुमचं घर ते आमचं घर म्हणालात ना?"

"अर्थात, आजी."

"बरं झालं. मग छत होईपर्यंत मी तुमच्याकडे राहते. माझा पलंग तेवढा स्वयंपाकघरात टाका. मला आता तिथेच झोप लागते."

अध्यक्षांच्या पत्नीने विणकाम मांडीवर ठेवलं. वहिनींच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"गवंडी उद्या सकाळी येईल," त्या म्हणाल्या. "सोसायटीच्या खर्चाने."

"अगं, पण ठराव..."

"उद्या सकाळी."

जिना चढताना विमासाहेबांचा आनंद पोटात मावत नव्हता. "आई, काय डाव टाकलास. समोरच्याचंच वाक्य उचलायचं आणि त्याच्यावर उलटवायचं. भल्याभल्या पुढाऱ्यांना जमत नाही."

"डाव कसला?" सासूबाई चिडून म्हणाल्या. "मला खरंच जायचं होतं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर उघडते. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ हिची पाठ बघायची. सूनबाई, माझी पिशवी घेऊन ये. सभेला जाताना त्यांच्या दाराशी ठेवलीय."

वहिनींनी जाऊन पिशवी आणली. कशी आहे ही बाई, असं मनात म्हणत स्वयंपाकघरात ती रिकामी केली. कपडे निघाले, औषधं निघाली, आणि तळाशी वहिनींचा रोजचा, दांडा वाकलेला झारा.

"हा कशाला घेतला होता?"

"कोण जाणे ती कशी रांधते," सासूबाई पलंगावर आडव्या होत म्हणाल्या. "म्हटलं, झारा तरी आपला असावा."

वहिनींनी झारा ओट्यावर जागच्या जागी ठेवला. मग त्यांनी पलंगाला धक्का देऊन तो थोडा वळवला, उशी ओट्यापासून लांब आणि खिडकीजवळ येईल असा. छत होईपर्यंत तरी.