नजर, ओठ आणि मान यांची पूर्वतयारी

ज्ञान डोक्यात असते, असे पूर्वी मानले जाई. शास्त्र आता बरेच पुढे गेले आहे आणि ज्ञान किती आहे हे डोके किती हलते यावरून ठरवता येते. समुद्रापलीकडच्या एका नामांकित महाविद्यालयाने हे सर्वांत आधी ओळखले. परदेशी अर्जदारांना घरबसल्या संगणकावर प्रवेश परीक्षा देण्याची उदार सोय त्यांनी केली आणि त्यासाठी चौसष्ट पानांची पुस्तिका पाठवली. त्यात अभ्यासक्रम दोन पानांचा होता. उरलेली बासष्ट पाने कसे बसावे याविषयी होती.

ही पुस्तिका ज्या घरात आली, तिथले गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांच्या शिक्क्याशिवाय बाजारातला तराजू वापरता येत नसे, आणि बत्तीस वर्षांत त्यांनी एकही खोटा शिक्का मारला नव्हता. त्यांच्या मुलीला पूल बांधायला शिकायचे होते. तिने अर्ज भरला आणि उंबरठा न ओलांडता परदेशी झालेली ती घरातली पहिलीच व्यक्ती ठरली. परदेशी अर्जदाराला संधी एकच, आणि तिच्या वयाची अट यंदा संपत होती.

मुलीत एक दोष होता. ती विचार करी. विचार करताना छताकडे बघे आणि स्वतःशी पुटपुटे. घरात तिला लाडाने 'पुटपुटी'च म्हणत. पुस्तिकेच्या कलम एकोणीसनुसार मात्र नजर चार सेकंदांहून अधिक काळ पडद्यावरून हलली, किंवा ओठ हलले, की कॅमेरा ताकीद देणार होता. तीन ताकिदी झाल्या की परीक्षा समाप्त.

निरीक्षकांना हे कलम फार आवडले. यंत्रावर त्यांचा विश्वास होता. माणसाकडे वशिला चालतो, तराजूच्या काट्याकडे चालत नाही. परीक्षेला आठ महिने होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तयारी समिती नेमली. सदस्य तीन: स्वतः, त्यांची बायको, आणि मुलीची आत्या. (आत्या निवृत्त पर्यवेक्षिका होती. तिच्या धाकाने कॉपी न करणारीसुद्धा कबुली देत.)

आधी खोली साफ झाली. कॅलेंडर, आरसा, घड्याळ आणि खिडकीतले रोप गेले. आजोबांचा फोटो समितीने भावनेपोटी राहू दिला होता, पण सराव चाचणीत कॅमेऱ्याने 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली' असे कळवल्याने तेही माळ्यावर गेले.

मग सराव सुरू झाला. आत्या ताटली आणि चमचा घेऊन मागे बसे आणि चूक झाली की वाजवी. निरीक्षक नोंदवहीत लिहीत. पहिल्या दिवशी तासाभरात सत्तेचाळीस ताकिदी झाल्या: छत एकोणीस, ओठ एकवीस, नाक खाजवणे पाच, शिंका दोन. (शिंक ही चूक धरावी की आपत्ती, यावर आत्याने भिन्नमत नोंदवले.)

प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. महिनाभरात ताकिदी बारावर आल्या, दोन महिन्यांत चारवर, आणि चौथ्या महिन्यापासून शून्य. त्याच काळात तिचे सराव परीक्षेतले गुण एक्क्याऐंशीवरून चौतीसवर आले, पण तो रकाना वहीत नव्हता.

"अहो, साधी गणितं चुकायला लागलीय ती," आई एकदा म्हणाली. "पुटपुटली की यायचं तिला."

"चुकू दे. चुकीचे गुण जातात, हकालपट्टीत वर्ष जातं," निरीक्षक म्हणाले. "आणि यंदानंतर वर्षच नाही."

त्यांना खरोखरच भीती वाटत होती.

परीक्षा दुपारी दोनला झाली. तीन तास मुलगी बसली ती बसलीच. शेवटी पडद्यावर अक्षरे आली: एकूण ताकिदी शून्य. आत्याने ताटली प्रथमच आनंदाने वाजवली. निरीक्षकांनी पेढे आणले आणि शेजारच्या शिंप्यापासून कार्यालयाच्या शिपायापर्यंत सर्वांना सांगितले की पोरीने नाव काढले. पेपर कसा गेला, हे विचारायचे राहून गेले.

आठ दिवसांनी महाविद्यालयाचे पत्र आले. मजकूर सौजन्यपूर्ण होता. 'दोन तास अठ्ठावन्न मिनिटे अर्जदाराच्या चेहऱ्यावर कोणतीही हालचाल आढळली नाही. सबब, कॅमेऱ्यासमोर व्यक्तीऐवजी छायाचित्र ठेवले असल्याचे निष्पन्न होऊन परीक्षा रद्द करण्यात येत आहे. उत्तरे कोणी दिली याची चौकशी स्वतंत्रपणे होईल.'

अपिलाची सोय होती, मुदत शुक्रवारपर्यंत. सोबत एक जोडपत्र होते, अर्जदार जिवंत असल्याबाबतचे. त्यावर दोन साक्षीदारांची सही हवी होती, आणि साक्षीदाराने गेल्या तीन महिन्यांत अर्जदारास पुढीलपैकी किमान एक करताना स्वतः पाहिलेले असावे: (अ) विनाकारण वर बघणे, (ब) स्वतःशी बोलणे, (क) हसणे.

निरीक्षकांनी पेन उघडले आणि सवयीने आधी नोंदवही काढली. तीन महिने उलटून पाहिले. शून्य, शून्य, शून्य. सगळे त्यांच्याच सुवाच्य अक्षरात. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती आठवू लागली आणि आठवता आठवता रडू लागली. आत्याने ताटली आत नेऊन ठेवली.

"बाळा," निरीक्षक मुलीला म्हणाले, "गेल्या तीन महिन्यांत तू कधी हसलीस? आठवतं का काही?"

मुलगी पडद्यासमोर बसली होती. पडदा बंद होता.

"नाही बाबा," ती म्हणाली. ओठ जवळजवळ हलले नाहीत.

खोटा शिक्का मारणे निरीक्षकांना जमणार नव्हते. त्यांनी पेनचे टोपण लावले आणि पोटच्या पोरीचे आपण काय करून ठेवले, हे त्यांना बत्तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच मोजता येईना.

अजून शुक्रवार उजाडलेला नाही. साक्षीदार नातलगच असावा असे नियमात नाही, तेव्हा सही कोणीही सद्गृहस्थ करू शकतो, अगदी तुम्हीसुद्धा. अट एवढीच की साक्षीदाराला आधी तेच जोडपत्र स्वतःसाठी भरून द्यावे लागते. तेव्हा जरा आठवून बघा, गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला पडद्यावरून नजर काढून विनाकारण वर बघताना कोणी पाहिले आहे का? (आत्ता बघू नका. ते धरले जाणार नाही.)