नवी गायिका, स्पष्ट उच्चार

गायक बँड सोडून गेला आणि गिटारवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी दुपारचा कार्यक्रम नव्या गायिकेसह रंगला नाही, तर दर रविवारी सभागृह एका जादूगाराला देईन, असं तिथल्या व्यवस्थापकाने बजावलं होतं.

स्का आणि रेगेच्या तालावर रॉक वाजवणारा हा बँड अकरा वर्षं तगला तो ट्रम्पेटच्या जोरावर. गाणी गिटारवाल्याची, पण जुना गायक तोंडात गुळणी धरल्यासारखा गायचा. शब्द कुणाला कळले नव्हते आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. नाचायला पाय लागतात, कान नव्हे.

नवी गायिका बसस्थानकावर घोषणा करायची. "शब्द लेखी द्या," ती म्हणाली. "एक अक्षर गाळणार नाही."

गिटारवाल्याला भरून आलं. आपल्यातला कवी आता जगाला कळणार, या आनंदात त्याने सगळी गाणी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. कोणतं गाणं कुणावर लिहिलंय, हे काही त्याला आठवलं नाही. सराव गॅरेजमध्ये झाला. तिथे ट्रम्पेटपुढे देवाने हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

रविवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत गिटारवाल्याची बायको, मंचावर ड्रमपाशी तिचा सख्खा भाऊ. तिसरं गाणं या भावाचं विशेष लाडकं. गायिका माईकजवळ आली आणि बस फलाटाला लागल्याची घोषणा करावी तशी सुस्पष्ट गायली:

"चार दिवसांना आला मेहुणा, वर्ष उलटलं सारं,
जेवतो, झोपतो, ड्रम बडवतो, हलेना हे वारं!"

ड्रम थांबला. ट्रम्पेटचा सूर मध्येच तुटला.

"दाजी, हे माझ्यावर?"

"जुनं आहे रे ते. तेव्हा एकच वर्ष झालं होतं."

"आणि मी अकरा वर्षं हेच वाजवतोय? मान डोलावून?"

बायको उभी राहिली. "अहो, माफी मागा त्याची. आत्ता, सगळ्यांसमोर."

गायिकेने तत्परतेने माईक पुढे केला. गिटारवाल्याने माफी मागितली. मेहुण्याने नाक ओढलं, काठ्या उचलल्या आणि असा ठोका हाणला की बँड दचकून एका तालात सुरू झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना हे सारं बसवलेलंच वाटलं.

व्यवस्थापक धावत मंचावर आला. "जादूगाराला नकार कळवतो. दर रविवार तुमचा! फक्त त्या माफीला कात्री लावू नका."

बँड वाचला. आता दर बुधवारी माफीची तालीम होते. मेहुणा आरामखुर्चीत चहा पितो, बायको समोर बसून ऐकते.

"अजून मनापासून येत नाहीये," ती शांतपणे म्हणते. "पुन्हा."