अप्पांचे पाण्यातले कामगार

आमचे शेजारी शिवलिंगअप्पा रोज सकाळी सायकलवरून तीन मैल जात आणि अंगणाबाहेर मात्र पाऊल टाकत नसत.

हे मला कळलं ते सोलापुरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. टेलिफोन ऑफिसात माझी बदली झाली होती. गल्लीत खोली घेतली, स्टोव्ह लावायला बसले तर काडेपेटीच नाही. म्हणून शेजारचं दार ढकललं आणि तिथेच थिजले. अंगणात सत्तरीचे एक गृहस्थ, कपाळाला भस्म, अंगात बनियन, चाकं नसलेल्या सायकलवर बसून जिवाच्या आकांतानं पाय मारत होते. सायकल दोन ओंडक्यांवर ठोकून बसवलेली. तिच्या साखळीवरून दुसरी एक लांब साखळी गेलेली, त्या साखळीला दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे बांधलेले. डबे खालच्या हौदातून पाणी भरून वर येत होते आणि छातीएवढ्या उंचीवरच्या पत्र्याच्या पाटीत ओतत होते. पाटीत नुसती खडी. आणि त्या खडीतून, मातीचा एक कण नसताना, पोपटी रंगाची झालरीसारखी पानं उगवलेली!

"बर्री, या या," पाय न थांबवता ते म्हणाले. "अर्धा मैल ऱ्हायलाय. तंवर मासं बघा."

मी हौदात वाकले. बारा-पंधरा काळपट मासे माझ्याकडे बघत होते. हौद कसला, ते अंगणातलं त्यांचं बिनछपराचं न्हाणीघर होतं. दाराशी वीतभर भिंत घालून त्यांनी ते पाण्यानं भरलं होतं. काडेपेटीचं मी साफ विसरले.

अप्पा गिरणीत फिटर होते. चाळीस वर्षं त्यांनी यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर जगातल्या सगळ्याच गोष्टी यंत्रं आहेत असं त्यांचं मत झालं. गुडघा दुखला की "बेरिंग गेलं". शेजारची शांताकाकू तावातावानं बोलायला लागली की "वंगण पायजे". त्या पाटीचंही त्यांनी मला असंच समजावलं. "मासा घाण करतो. ती घाण वर खडीत जाती. पान ती घाण खातं. पाणी साफ हुतं आन् खाली माशाकडं येतं. सगळ्यांची सोय. कुणी कुणावर उपकार करत न्हाय. गिरणी अशी चालली असती की, तर संप कशाला झाला असता?"

खरा हादरा पुढेच होता. अप्पा लिंगायत. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. अक्कलकोटहून त्यांचे चुलतभाऊ आले, न्हाणीघराचं दार उघडून आत हात धुवायला गेले, आणि "अय्यय्यो!" म्हणत बाहेर आले ते थेट एस.टी. स्टँडवर गेले. चहालाही थांबले नाहीत.

"खाणार आहात का तुम्ही हे मासे?" मीही एकदा भीत भीत विचारलं.

अप्पांना माझ्या प्रश्नाचा धक्का बसला. सायकलवरून उतरलेच ते. "खाणार? ताई, कामगार हायत ते! कामगाराला कुणी खातं व्हय?"

आणि खरोखरच त्यांचा कारभार कामगारांचाच होता. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की ते हौदाशी उभं राहून मासे मोजत, मग भिजवलेला पेंडीचा चुरा टाकत. एखादा तळाशी बसून राहिला की दिवसभर अस्वस्थ. "चार नंबर आज कामावर न्हाय," असं मला कुंपणावरून सांगत.

पानांचं नाव 'लेट्यूस'. बी त्यांनी पत्र लिहून पुण्याहून मागवलं होतं. गल्लीत ही पानं कुणी बघितलेली नव्हती. पहिल्या खेपेला अप्पांनी घरोघर एकेक जुडी वाटली. शांताकाकूनं ती लसणाची फोडणी देऊन परतली. परातभर पानं होती, कढईत शेवटी चमचाभर हिरवं पाणी उरलं. काकू तशीच कढई हातात घेऊन अप्पांच्या दारात आली. "हे काय दिलंय? भाजी कुटं गेली माझी?"

"शिजवायची न्हाय. कच्ची खायाची."

"कच्ची? आन् माशाच्या घाणीवर वाढलेली?" काकूनं कढई खाली ठेवली आणि दोन्ही हात कानांना लावले.

त्यानंतर गल्लीत कुणी ती पानं घेतली नाहीत. तरी पाटी कायम भरलेली. दर रविवारी अप्पा पानं खुडत, ओल्या फडक्यात बांधत, धुतलेला सदरा आणि टोपी घालून कुठेतरी जात. हा माणूस रस्त्यावरही जातो याचंच आम्हाला नवल. स्टेशनजवळच्या कुठल्या हॉटेलात देत असतील, असं आम्ही ठरवून टाकलं.

मग दुष्काळ पडला. नळाला तीन-तीन दिवस पाणी नाही. आलं तरी घरटी दोन घागरी. आणि अप्पांच्या न्हाणीघरात हौदभर पाणी! एका सकाळी शांताकाकू सात-आठ बायका आणि तेवढ्याच बादल्या घेऊन त्यांच्या अंगणात शिरली. गलका ऐकून मीही धावले.

"माणसं तहानेनं मरत्यात आन् तुमी मासं पोसताय?"

अप्पा बाजूला झाले. भांडले नाहीत. "न्या की," म्हणाले. "पण ह्यांना कुटं ठिवू तेवढं सांगा. मागं एका उन्हाळ्यात हिप्परग्याचा तलाव आटाय लागला तवा चिखलात तडफडत हुती, ती घागरीतनं आणली म्या. आता परत तितं न्यावं तर तितं पाणी न्हाय."

बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. शांताकाकूनं हौदात बघितलं, मग अप्पांकडे. "आन् तुमी ह्यात पाणी कुठलं घालता?"

"माझं. आंघुळीचं."

"मग आंघूळ?"

"फडकं ओलं करतो की. यंत्र पुसतो तसं पुसायचं."

नळ आटल्यापासून सहा महिने हा माणूस आंघोळीशिवाय होता आणि कुणाला कळलंही नव्हतं. काकूनं कपाळावर हात मारला. बादल्या रिकाम्याच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी काकूनं भाज्या धुतलेलं पाणी गाळून आणलं आणि हौदात ओतलं. "तुमच्यासाठी न्हाय हां," ती म्हणाली. "कामगारांसाठी."

त्या हिवाळ्यात अप्पांना ताप आला. रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. अंथरुणातूनच फडक्याची पुरचुंडी पुढे केली. "ताई, एवढं पोचवाल? चर्चच्या मागं, कौलारू खोल्या हायत. शेवटली खोली. रूथबाई म्हणून इचारा."

म्हणजे हॉटेल नव्हतंच! सगळा रस्ता मी त्या धक्क्यातच चालले.

रूथबाई साठीच्या पुढच्या. गिरणीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. आता गुडघ्यांनी जागेवर बसवलेलं. खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर येशूची तसबीर. पुरचुंडी बघून त्या ताडकन म्हणाल्या, "अप्पा का नाही आला? काय झालं त्याला?"

साधा ताप आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू कळलं. यंत्रात अप्पांची दोन बोटं गेली तेव्हा रूथबाईंनी महिनाभर पट्ट्या बदलल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षं दोघं गिरणीच्या फाटकात एकमेकांना नमस्कार करत. एवढंच. एका उन्हाळ्यात अप्पा वाट वाकडी करून भेटायला आले. दोघांना बोलायला काही सुचेना.

"काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, शिकत होते तेव्हा मिशनच्या मॅडमच्या बागेत लेट्यूस असायचा, तो आता कुठे मिळत नाही. झालं! वर्षभरानं हा पानं घेऊन हजर."

"आवडतात ना तुम्हाला?"

रूथबाई हसल्या. पुरचुंडी उचलून त्यांनी खिडकीतून बाहेर रिकामी केली. बाहेर शेजाऱ्यांची शेळी बांधलेली होती. तिनं मान वर केली आणि खायला सुरुवात केली.

"तेव्हाही आवडत नव्हती. उन्हाळ्यात तर कडू जहर होतात. पण तसं सांगितलं तर तो यायचा नाही ना." फडकं झटकून, चार घड्या घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. "त्याला सांगू नका हं, पोरी."

परत आले तर अप्पा उठून भिंतीला टेकून बसले होते. वाटच बघत होते.

"दिली?"

"दिली. बाईंनी माझ्यासमोरच खाल्ली. फार आवडतात म्हणाल्या."

अप्पांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "खोटं बोलाय येत न्हाय तुमाला. शेळी खाती ती पानं. तीन वर्षं झाली. खिडकीखाली देठं पडलेली दिसत्यात की मला."

मी दारातच खाली बसले. "मग अप्पा, हा सगळा खटाटोप कशासाठी? सायकल, मासे, आंघोळ..."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, उलगडलं आणि पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली.

"रिकाम्या हातानं गेलो, ताई, आन् तिनं इचारलं, का आलास म्हणून, तर काय सांगू?"