घोंगडीतले गावंडेसाहेब

गावंडेसाहेब तपासणीला साहेबासारखे कधीच आले नाहीत. खाकी कोट आणि टोपी कोपऱ्यावरच्या पानठेल्यात ठेवायची, अंगावर घोंगडी ओढायची आणि आमच्या म्हाताऱ्यांमध्ये येऊन गुपचूप बसायचं. आपल्याला कोण, केव्हा ओळखतं, हीच त्यांची तपासणी.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीत राजापेठेला आमचं महिला मंडळ म्हाताऱ्यांसाठी दिवसघर चालवायचं. कामावर जाताना लेकी-सुना त्यांना सोडायच्या आणि दिवेलागणीच्या आत घेऊन जायच्या. मी मंडळाची चिटणीस. नगरपालिकेचा परवाना वीस माणसांचा होता आणि तिचे इन्स्पेक्टर होते गावंडेसाहेब. कसूर सापडली तर आधी नोटीस, मग दंड आणि तिसऱ्या खेपेला दाराला कुलूप.

पहिल्या खेपेला साहेब दुपारच्या पंगतीत खिचडी जेवले, हात धुतले आणि मग घोंगडी बाजूला केली.

"बाई, मी सकायपासून बसून राह्यलो. मले कोनी पुसलं, बाप्पा, तू कोन?"

"साहेब, आम्हाला वाटलं, कुणाचे तरी पाहुणे असतील."

"वाटलं?" हा शब्द त्यांना अजिबात चालत नसे. "नियमात वाटलं बसत नाही. उद्या एखादा बुढा उठून रस्त्यावर गेला, तरी तुमाले वाटनच, घरी गेला."

नोटीस मिळाली. दुसऱ्या खेपेला ते तेच करून दाखवायला आले. भजन चालू असताना उठले, दारातून बाहेर पडले, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत येऊन जागेवर बसले. कुणीही अडवलं नव्हतं. दंड झाला. मला राग आला, पण त्यांचं चुकलं होतं असं आजही म्हणवत नाही.

त्यानंतर आमची झोप उडाली. सकाळी प्रत्येक चेहरा पाहायचा, डोकी मोजायची, पंगतीआधी पुन्हा मोजायची, असा क्रम मी लावून दिला. आमच्या स्वयंपाकीणबाई, सरूबाई, तर दिसेल ती घोंगडी ओढून पाहायच्या. तेल्हाऱ्याचे एक म्हातारे मास्तर कानाला मफलर बांधून बसत. त्यांचा मफलर दिवसातून तीनदा सुटायचा.

"अहो सरूबाई, मी मीच आहे."

"साहेबबी तसंच म्हनन."

हसू यायचं, पण काळजीही होती. ती रुखमाबाईंची. बार्शीटाकळीहून लेकाकडे आलेली ही बाई. लेक आणि सून दोघंही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आमच्याकडे यायच्या आधी ते तिला बाहेरून कुलूप लावून जायचे. आमच्या दाराला कुलूप लागलं असतं, तर तिला त्या कुलपात परत जावं लागलं असतं. तिला हे ठाऊक होतं.

मग एका हिवाळ्यात साहेब आले आणि आत आलेच नाहीत. तीच घोंगडी, पण आता उघड्या तोंडानं बाहेर ओट्यावर बसले, उंबऱ्याला लागून. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुणाशी बोलणं नाही, नुसतं आत पाहणं.

"नवी तऱ्हा हाये," सरूबाई कुजबुजल्या. "तिसरी खेप हाये बाई. यानं काई तरी धरून ठेवलं."

मी भांडी पुन्हा घासून घेतली, पाण्याचे माठ झाकले, डोकी मोजली. वीस. मग चहा घेऊन बाहेर गेले.

"साहेब, आत या ना."

"नाई. मी इथंच बरा."

दंड करणाऱ्या साहेबापेक्षा हा गप्प साहेब फार भयंकर होता. रुखमाबाई गाठोडं मांडीवर घेऊन दाराकडे बघत राहायच्या. "कुलूप आनलं काय वं त्यानं?" दर थोड्या वेळानं विचारायच्या.

असा पंधरवडा गेला आणि एका सकाळी टोपी घातलेला एक तरुण इन्स्पेक्टर सरळ दारातून आत आला. इकडेतिकडे पाहिलं, सही केली, "ठीक आहे" म्हणाला.

मी विचारलं, "आणि गावंडेसाहेब?"

"ते दिवाळीतच रिटायर झाले."

जाताना तो ओट्यावरून गेला. गावंडेसाहेबांनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली होती. इथे कोण बसलंय, हे त्या तरुणानं विचारलं नाही.

मी बाहेर आले. "साहेब, रिटायर झालात, सांगितलं नाहीत."

"तुमी पुसलं काय?"

"बरं, आता विचारते. आत का बसत नाही?"

"आत वीस हायेत. मी एकविसावा. तुमच्यावर दोन खेपा लागल्या, दोन्ही म्याच लावल्या. एक माणूस वाढला का कुलूप." त्यांनी ओट्यावर हात फिरवला. "ओटा परवान्यात येत नाही."

"आणि घरी?"

"घरी दिवसभर बसून राह्यलो, तरी तू कोन, असं पुसाले कोनी नाई."

सरूबाईंनी न सांगता खिचडीचं ताट बाहेर आणून ठेवलं. वर तेल जरा जास्तच होतं. वारा गार सुटला होता, म्हणून मी आत जाऊन दार लोटायला लागले.

"बाई, दार उघडं ठेवा," साहेब ताटावरून मान वर न करता म्हणाले. "नियम हाये."

तोवर सगळे नियम मला तोंडपाठ झाले होते. असा नियम कुठेच नव्हता. मी मास्तरांचा मफलर नीट बांधून दिला आणि दार उघडं ठेवलं.