आंब्याच्या पानांची फिर्याद

भोरच्या मामलेदार कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्याने दारात उभं राहून कौलं हलतील असा पुकारा केला, "फिर्यादी आंब्याचं पान, हाजिर होऽऽ!" मग स्वतःच्याच टोपीतून एक करपलेलं पान काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हाजिर हाय. रुजू करून घ्या."

मी हसलो. बाकीची कचेरी हसली नाही. तिला हे रोजचंच होतं.

हे शिदूतात्या. संस्थानच्या कोर्टात पुकारा करणारे पट्टेवाले. संस्थान विलीन झालं, तात्या घरी बसले. आवाज मात्र घरी बसेना. बाजारात ते भेंडीलासुद्धा हाजिर करतात असं लोक सांगत, आणि मला ते खोटं वाटत नाही.

नदीकाठी त्यांचं दोन खणांचं घर, मागे एक आंबा. आंब्याच्या पश्चिमेला नवी वीटभट्टी लागली आणि झाडाचे हाल सुरू झाले. पानांवर काजळी बसली, कडा करपल्या, नवी पालवी बोटभर येऊन थांबायला लागली. कैऱ्यांची टोकं काळी पडून त्या अवेळी गळायच्या. हे असंच चाललं तर झाड जाणार, हे आंधळ्यालाही दिसावं, असं तात्या पहिल्यांदा म्हणाले आणि लगेच जीभ चावली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पासष्टीचा हा माणूस रोज सकाळी ओलं फडकं खांद्यावर टाकून झाडावर चढायचा आणि पान न् पान पुसायचा. "पान म्हंजी झाडाची चूल बी आन् नाक बी," ते मला समजावत. "तुमच्या नाकात काजळी भरली तर तुमी रांधाल का?"

पुराव्याला माणूस पक्का. एका फांदीची पानं पुसायची, शेजारच्या फांदीची मुद्दाम नाही, आणि दोन्हीकडचं एकेक पान कचेरीत. पुसलेल्यावर चिठ्ठी 'वादी', न पुसलेल्यावर 'मयत'. महिन्याभरात माझा खण पानांनी असा भरला की जेवणाचा डबा मांडीवर ठेवायची पाळी आली.

शेवटी मामलेदार साहेबांनी भट्टीवाल्याला बोलावलं. तो बेरकी. म्हणाला, "धूर माझा, खरंय. पर त्याला तिकडं नेतो वारा. त्याला विचारा की."

आम्हाला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी तात्यांचा अर्ज दाखल: वाऱ्यावर समन्स काढावं. नाव, वारा. वय, नक्की सांगता येत नाही. धंदा, फिरस्ती. राहणार, वरंधा घाट. साहेब हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "चला, झाड बघूनच येऊ."

चैत्रातली दुपार. सदरा पाठीला चिकटलेला, वाऱ्याचं नाव नाही. आंब्याखाली तात्यांची बायको, बायजाबाई, चाचपून चाचपून हुलगे निवडत होती. शेजाऱ्याने माझ्या कानात सांगितलं, तिला दोन वर्षांपासून दिसत नाही. पानांची सळसळ ऐकत दिवस काढते. झाड हिरवंगार आहे असंच तात्या तिला सांगतात.

"या, बसा सावलीला," ती म्हणाली. "हे कचेरीतच गेल्यात. वारं बगा कसं ग्वाड सुटलंय!"

मी वर बघितलं. तात्या फांदीवर बसून दोन्ही हातांनी दुसरी फांदी गदागदा हलवत होते. आम्हाला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चार वाळकी पानं साहेबांच्या टोपीवर पडली.

मी दिसलं ते लिहिलं: निम्मं झाड उघडं, राहिलेली पानं करपलेली. मग शेजारी पंच म्हणून अंगठा द्यायला पुढे झाले, तशी बायजाबाई म्हणाली, "आदी वाचून दावा. आमचे हे म्हनत्यात, वाचल्याबिगर आंगटा देऊ न्हाई."

वर तात्यांनी दोन्ही हात जोडले. हात जोडले म्हणून वारा पडला.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब नदीकडे बघत होते. मी खाकरलो आणि वाचलं, "झाड उंच. पानं दाट, हिरवीगार. सळसळ भरपूर." सगळ्या नोकरीत खोटा वाचलेला तो एकच पंचनामा, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

"मंग तक्रार कशाची वो?" बायजाबाईने विचारलं.

आता आली का पंचाईत! शेवटी साहेबच म्हणाले, "पुढे त्रास नको म्हणून, बाई. भट्टी नदीपलीकडे न्यायला सांगतो."

साहेब भट्टीकडे वळले. मी कागद गोळा करत होतो. बायजाबाईने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "लई बरं झालं. फांदी हलवून हलवून ह्यांचं दंड सुजत्यात. म्याच त्याल लावून चेपून देते. पर मला ठावं हाय, हे त्येंना सांगू नगासा."

वर तात्यांनी पुन्हा फांदी हलवायला घेतली होती, आणि बायजाबाई हुलगे बाजूला ठेवून ऐकत बसली होती.